पाणी मुरतंय

जानेवारीत पोर्ट हॅलोरनमध्ये पाणी कुठंच मुरत नाही.
तळं गोठलेलं, गटारं गोठलेली,
चर्चच्या पन्हळीला माणसाच्या उंचीचे बर्फाचे सुळे.
तरी जो तो म्हणायचा, कुठंतरी पाणी मुरतंय.
बेकरीत म्हणायचे, दाताच्या डॉक्टरकडे म्हणायचे,
तोंडात कापूस कोंबलेला माणूससुद्धा
मान हलवून तेच म्हणायचा.

धान्याच्या जुन्या कोठाराची जागा
महापौरांच्या मेहुण्याला गेली, कवडीमोलानं.
एवढं खरं होतं. कागद होते.
त्यापुढचं आम्ही घरोघरी केलं,
पिठासारखं भिजवून, रात्रभर झाकून,
सकाळी दुप्पट.

माझं घर मेलनिचुकांच्या समोर.
अकरा तारखेला पहिली गाडी आली, छतावर ताटली घेऊन.
शनिवारपर्यंत सात.
माझ्या दारात गाडी लावू का, विचारायला
टॅमसिन नावाची पोरगी आली. हातमोजे पातळ, नाक लाल.
म्हटलं, आधी आत ये.
मग कॉफी. मग माझ्या आईच्या पद्धतीचा
वेलदोडे घातलेला गोड पाव.
मग सगळ्यांनाच माझं न्हाणीघर.
नवरा गेल्यापासून या उंबऱ्यात
एवढ्या बुटांची रांग लागली नव्हती.

ते वाईट नव्हते, हे मला सांगायचंच आहे.
कॅमेरावाल्या ओबीनं माझा गळका नळ बसवून दिला.
आणि तोच ओबी,
महापौरांची मुलगी शाळेच्या बसमधून उतरली की
उलट पावलांनी तिच्यापुढे चालायचा,
भिंग तिच्या तोंडासमोर धरून:
बाबांनी पैसे खाल्ले का गं?
ती नऊ वर्षांची. तिनं दप्तर तोंडावर घेतलं.
संध्याकाळी ते दप्तर देशभर दिसलं,
त्यावरचं पिवळं बदक,
आणि बदकाखाली प्रश्नचिन्ह.

मग एकदा कप विसळता विसळता
टॅमसिननं सहज विचारलं,
रात्री काही दिसतं का हो तुम्हाला?
म्हटलं, साडेतीनपर्यंत दिवा असतो, वरच्या खोलीत.
खरं होतं. शब्दन् शब्द खरा.
ती खोली त्याच्या सासूबाईंची,
अंधारात त्यांचा जीव घाबरा होतो,
हेही मला ठाऊक होतं.
कुणी विचारलं नाही.

नाही, असं नाही झालं.
तिचं पेन वर होतं, ती थांबली होती क्षणभर,
आणि मी पावाची बशी पुढे सरकवली.

सकाळी मथळा:
पहाटेपर्यंत कसली खलबतं? शेजारीण म्हणते...
शेजारीण मी. बहात्तर वर्षांत
माझं म्हणणं पहिल्यांदाच कुठं छापून आलं.
बेकरीत मला रांगेत पुढं घेतलं.
आग असल्याशिवाय धूर निघतो का, इर्मेली?
म्हटलं, नाही ना.
उणे एकतीसमध्ये
नुसत्या श्वासाचाही धूर निघतो,
हे आम्हा सगळ्यांना पाळण्यातच कळलेलं.

फेब्रुवारीत त्यानं राजीनामा दिला.
मेहुणा आत गेला. ग्रँट मेलनिचुकनंही
खाल्लं असेल काही. बहुधा खाल्लंच.
मी त्याची वकील नाही.
गाड्या एका दुपारीत उठल्या,
दक्षिणेला कुठल्याशा हॉकीच्या प्रशिक्षकाचं प्रकरण निघालं होतं.
टॅमसिननं मिठी मारली, पत्ता लिहून घेतला.
पत्र येईल असं काही नाही,
पण टपालपेटी मी दिवसातून दोनदा उघडते.

सासूबाई मार्चमध्ये गेल्या.
पेपरात चार ओळी, त्याही पैसे भरून.
वरचा दिवा आता नऊलाच विझतो.

काल तो रस्ता ओलांडून आला,
फावडं टेकवून उभा राहिला.
मला वाटलं, आता विचारणार.
म्हणाला, तुमच्या पायरीखालचा बर्फ सुटलाय,
पाणी आत चाललंय. बघून घ्या.
म्हटलं, बघते.

अजून तळघरात उतरले नाही.